गावाकडच्या कॉलेजसाठी दूरच्या माजी विद्यार्थ्यांनी काय करावं, कधी करावं, कोणाच्या हाती द्यावं

तुम्ही विचारलंय ते आधी मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं कॉलेज, १९९८ ची बी.एस्सी.ची बॅच. तुम्ही स्वतः डॅलसला, बाकीचे पुणे, बंगळूर, दुबईला, काही गावाकडेच. व्हॉट्सॲप ग्रुप झालाय, पण निम्मी बॅच अजून सापडलेली नाही. काहींना कॉलेजला प्रवेशद्वार बांधून द्यायचंय, काहींना डिजिटल क्लासरूम. आणि परदेशातून पैसे कसे पाठवायचे, यावर ग्रुपमध्ये जितकी तोंडं तितकी मतं. मी अशाच एका कॉलेजात शिकवलं, निवृत्तीनंतर माजी विद्यार्थी संघाचं काम बघतो. त्या कामातून जे समजलं ते सांगतो.

प्रवेशद्वार नको. डिजिटल क्लासरूमही पहिल्या वर्षी नको. आपल्या भागातल्या कॉलेजला मदत किती आली याच्याआधी ती कोणत्या महिन्यात आली आणि गावातल्या कोणत्या माणसाच्या हाती आली, हे बघावं लागतं. योग्य महिन्यात आलेल्या दोन हजारांनी एका मुलीचं वर्ष वाचतं. मार्चमध्ये आलेल्या दोन लाखांनी भिंतीला रंग लागतो.

महिन्यांचं एवढं का, ते सांगतो. तुम्ही शेतकऱ्याच्याच घरातले असाल तर आठवेल, पण पंचवीस-तीस वर्षं बाहेर राहिल्यावर पंचांग विसरायला होतं. कॉलेजचे प्रवेश जून-जुलैत. नेमकं तेव्हाच घरात बियाणं, खत, पेरणीची मजुरी. पीककर्ज वेळेत मिळालं तर मिळालं, नाही तर कृषी सेवा केंद्राची उधारी. पाऊस दडी मारून बसला तर दुबार पेरणी. घरात जो काही पैसा असतो तो शेतात जातो. मग पोळा ते दसरा हा सगळ्यात कोरडा काळ: पीक उभं असतं आणि हातात काही नसतं. हिवाळी परीक्षेचे फॉर्म भरायची तारीख साधारण याच दिवसांत येते. सोयाबीन निघतं दसऱ्याच्या आसपास, कापसाचा पहिला वेचा दिवाळीच्या सुमारास, आणि कापसाचा पैसा खऱ्या अर्थाने घरात यायला त्याच्याही पुढचे दिवस उजाडतात. म्हणजे कॉलेजला पैसे लागतात तेव्हा घर रिकामं, आणि घरात पैसे येतात तेव्हा मुदत टळून विलंब शुल्काचा आकडा वाढलेला.

सरकारी योजना आहेत, आणि चांगल्या आहेत. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना, वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची योजना, समाजकल्याणची स्वाधार. बहुतेक अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर होतात. पण त्यांचा पैसा खात्यात पडायला उशीर होतो. अर्ज कॉलेजच्या लॉगिनला अडकतो, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली असते, आधार बँक खात्याला जोडलेलं नसतं. या उशिराच्या काळात मुलं शिक्षण सोडतात. नापास होऊन सोडणारी मुलं फार थोडी मी पाहिली. फॉर्म न भरता आल्याने घरी बसलेली कितीतरी पाहिली, आणि त्यातल्या बहुतेक मुली.

एसटीच्या पासचंच बघा. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाच्या योजनेत पास मोफत. बी.ए., बी.एस्सी.ला आली की ती सवलत संपते. पुढे विद्यार्थी पासावर सुमारे दोन तृतीयांश सवलत असते, तरी उरलेली रक्कम दर महिन्याला रोख लागते. बाप म्हणतो, "बारावी झाली ना, आता घरीच बाहेरून फॉर्म भर." बारावीनंतर मुलींच्या गळतीची अनेक कारणं सांगतात, पण आमच्या पट्ट्यात पासचे पैसे हे त्यातलं एक अगदी साधं कारण आहे, आणि तुमच्या बॅचला ते सहज पेलण्याजोगं आहे.

म्हणून माझा आग्रह असा: पहिल्या वर्षी एक छोटा फिरता निधी उभा करा. परीक्षा शुल्क, पास, मेसचा पहिला महिना, प्रात्यक्षिकाची वही आणि एप्रन, एवढ्यासाठीच. शिष्यवृत्ती आली की मुलाने जमेल तसं परत द्यायचं. परतीसाठी मागे लागायचं नाही, पण परत द्यायची वाट मात्र ठेवायची, कारण फुकट घेतल्याची भावना आपल्याकडच्या पोरांना आवडत नाही. नोकरी लागल्यावर दुप्पट आणून देणारी मुलं मी पाहिली आहेत. निधीचे पैसे ऑगस्ट संपायच्या आत बँकेत हवेत. कोणाला द्यायचे ते ठरवायला प्राध्यापकांची मोठी समिती नेमू नका. वर्गशिक्षक, परीक्षा विभागाचा लिपिक आणि गावात राहणारा तुमच्या बॅचचा एक माणूस, तिघं पुरे. फॉर्म भरायला कोण आलं नाही, हे काउंटरवर बसलेल्या लिपिकाला सगळ्यात आधी कळतं. मुदतीच्या आदल्या दिवशी काउंटरच्या बाजूला उभे राहा, खिडकीपर्यंत येऊन परत फिरणारं पोरगं दिसेलच.

आणि एक पाळा. ज्याला मदत केली त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही, नावही नाही. ज्याच्या घरी बापाने आत्महत्या केली त्या पोराचं नाव तर मुळीच नाही. यवतमाळ जिल्ह्याबद्दल बाहेर काय छापून येतं ते त्या मुलांना माहीत असतं. त्यांना कॉलेजात आपली ओळख तेवढ्यावरून नको असते. हिशेब दाखवायचा तर आकडे दाखवा.

आता माणसं शोधायचं. तुम्ही फेसबुकवर नावं टाकून पाहिली असतील. त्याने पुण्या-मुंबईची माणसं मिळतात, राळेगाव-केळापूरकडची मिळत नाहीत. कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाचं जनरल रजिस्टर असतं, शिवाय टी.सी.ची स्थळप्रत, म्हणजे ऑफिसात राहणारी प्रत. त्यात विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, गाव, आधीची शाळा हे सगळं असतं. प्राचार्यांना रीतसर पत्र द्या, फक्त तुमच्या वर्षाची नावं आणि गावं उतरवून घ्यायची परवानगी मागा. जात, जन्मतारीख वगैरे काही लागत नाही, मागूही नका. दुसरा ठेवा म्हणजे महाविद्यालयाचे वार्षिकांक. कविता छापून आलेली, एन.एस.एस.च्या शिबिरात फावडं घेऊन उभी असलेली, स्नेहसंमेलनात बक्षीस घेणारी, सगळी त्यात सापडतात. ग्रंथालयात बहुधा जुने गठ्ठे बांधून ठेवलेले असतात.

तुमच्या आधीच्या बॅचेसना जोडून घ्यायचं असेल तर विद्यापीठाचा घोळ लक्षात ठेवा. अमरावती विद्यापीठ १९८३ साली सुरू झालं. त्याआधी यवतमाळ, अकोला, बुलढाण्याच्या मुलांच्या पदव्या १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या. चंद्रपूर-गडचिरोलीकडेही तसंच: तिथे २०११ ला गोंडवाना विद्यापीठ आलं, आधीचे सगळे नागपूरचे. त्यामुळे विद्यापीठाच्या नावाने शोधलं तर एकाच कॉलेजचे माजी विद्यार्थी दोन ठिकाणी विखुरतात. आमच्याकडे माणूस विद्यापीठाच्या नावाने जोडला जात नाही. तो कॉलेजच्या, होस्टेलच्या आणि गावाच्या नावाने जोडला जातो. तसंच शोधा. रजिस्टरमधून गाव मिळालं की गावच्या पोलीस पाटलाला किंवा ग्रामपंचायतीच्या शिपायाला फोन लावा, दोन दिवसांत नंबर येतो.

मुलींचं वेगळं. लग्नानंतर नाव, आडनाव, गाव सगळं बदललेलं. तुमच्या ग्रुपमध्ये मुली किती आहेत ते मोजा आणि बॅचमध्ये किती होत्या ते रजिस्टरमध्ये बघा, फरक बघून वाईट वाटेल. त्यांना माहेरच्या नावाने, भावाच्या मार्फत शोधावं लागतं. फोन बॅचमधल्या मुलीनेच करावा, मुलाने नको. आपल्या गावांत अजून ते बरं दिसत नाही आणि तिच्यावर उगाच उत्तरं देण्याची वेळ येते. हे काम चिकाटीचं आहे, पण फळ मोठं. आमच्या संघात सगळ्यात टिकून काम करणाऱ्या कार्यकर्त्या अशाच शोधून काढलेल्या आहेत: कोणी अंगणवाडी पर्यवेक्षिका, कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, कोणी बचत गट चालवणारी. कोणत्या घरची पोरगी कॉलेज सोडायच्या बेतात आहे, हे त्यांना प्राचार्यांच्या कितीतरी आधी कळतं.

ग्रुपबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो. परदेशातले आणि पुण्यातले मित्र बोलायला लागले की शेती करणारे मित्र गप्प होतात. त्यात कोणी लिहिलं, "प्रत्येकी पाच हजार काढू," की ते हळूच बाहेर पडतात. माझ्याकडे एकाने फोन करून म्हटलं होतं, "सर, मले ग्रुपातून काढा, मी काय देनार औंदा?" तो माणूस कॉलेजपासून चार किलोमीटरवर राहतो, त्याच्याकडे मोटारसायकल आहे, तालुक्यात त्याला सगळे ओळखतात. तुमच्या सगळ्या डॉलरपेक्षा तो तुम्हाला जास्त लागणार आहे. म्हणून वर्गणीचा ठरावीक आकडा ठेवू नका, कोणी किती दिले ते ग्रुपवर लिहू नका. खजिनदाराला माहीत असलं की झालं. आणि गावातल्या मित्राला पद द्या, सही द्या, निर्णय द्या. तो तुमचा निरोप्या नाही. तुम्ही तिकडे झोपलेले असताना इथे तोच संघ असतो.

पैसे पाठवायच्या बाबतीत ग्रुपमधल्या माणसांची आधी दोन गटांत विभागणी करा, पासपोर्टवरून. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, ते परदेशात राहत असले तरी त्यांनी स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेली देणगी कायद्याच्या भाषेत विदेशी अंशदान, म्हणजे परदेशी देणगी, धरली जात नाही. त्यांनी आपल्या एनआरई किंवा एनआरओ (परदेशस्थ भारतीयांच्या) बँक खात्यातून संघाच्या खात्यात सरळ पाठवावं आणि पासपोर्टची प्रत संघाकडे देऊन ठेवावी. ज्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, मग ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळणारं) असो वा नसो, त्यांचा पैसा कायद्याने विदेशी स्रोताचा. तो फक्त एफसीआरए, म्हणजे विदेशी अंशदान कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येतो, आणि तोही दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत उघडलेल्या खात्यातच. भारतातल्या खात्यातून रुपयांत दिला तरी हाच नियम. "मी तुझ्या खात्यात टाकतो, तू तिकडून दे" हा मार्ग ग्रुपमध्ये कोणीतरी सुचवेलच. तो कधीही धरू नका, इथला साधा शिक्षक मित्र त्यात अडकतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए असलेल्या संस्थेलाही तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. नव्या संघाला ही नोंदणी लगेच मिळत नाही, आधीच्या तीन वर्षांचं काम आणि खर्च दाखवावा लागतो. म्हणून अमेरिकन पासपोर्टवाल्या मित्रांना पहिली काही वर्षं पैशाऐवजी वेळ मागा. त्याबद्दल पुढे येतो. तुमचा स्वतःचा पासपोर्ट कोणता ते तुम्ही लिहिलं नाही, त्यामुळे दोन्ही सांगितलं. रक्कम मोठी असेल तर आधी सनदी लेखापालाला विचारा.

संघ नोंदवलेला नसेल तर नोंदवा. सात सदस्य लागतात. १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि महाराष्ट्राचा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, दोन्हीचं काम जिल्ह्याच्या सहायक धर्मादाय आयुक्त कार्यालयात होतं. कार्यकारिणीत परदेशातली नावं भरू नका. प्रत्येक बदलाचा चेंज रिपोर्ट नव्वद दिवसांत द्यावा लागतो, सह्या लागतात, आणि तुमच्या सहीसाठी कागद इकडे पडून राहतात. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष तालुक्यातले ठेवा. बँक खातं दोन सह्यांचं. तीन महिन्यांनी पासबुकाच्या पानाचा फोटो ग्रुपवर, देणगीदारांची नावं झाकून. वर्षाचं ऑडिट कधी चुकवायचं नाही. भारतात कर भरणाऱ्या मित्रांना देणगीवरची ८०जीची आयकर सवलत हवी असते. ती जुन्या करप्रणालीत राहणाऱ्यालाच मिळते आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, हे त्यांना आधीच सांगा.

कॉलेज चालवणाऱ्या शिक्षण संस्थेशी संबंध गोडीचे ठेवा, पण निधी संघाच्याच खात्यात राहू द्या. प्राचार्य बदलतात, संचालक मंडळात गट असतात, निवडणुका येतात. तुमची बॅच कोणत्याच गटाची दिसता कामा नये. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची समिती येणार असली की कॉलेजला माजी विद्यार्थ्यांची विशेष आठवण होते, कारण मूल्यांकनात माजी विद्यार्थी सहभागाचा स्वतंत्र भाग आहे. तेव्हा बोलावलं तर रुसू नका, जरूर जा. प्राचार्य तेव्हा ऐकायच्या मनःस्थितीत असतात. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी, अभ्यासिका रात्री उघडी, अशा मागण्या तेव्हा लेखी द्याव्यात.

आता वेळ. बिनपैशाच्या कामाचं एकच उदाहरण देतो. आमच्याकडे विज्ञान शाखेच्या प्रात्यक्षिकाची दुसरी तुकडी पाचला सुटायची आणि एका मार्गावरची शेवटची बस त्याच सुमारास निघायची. त्या मार्गावरच्या चार गावांतल्या मुली एक तर प्रात्यक्षिक अर्धं टाकून पळायच्या किंवा विज्ञान शाखाच घ्यायच्या नाहीत. प्राध्यापक हजेरीवरून रागवायचे, मुली खाली मान घालून ऐकायच्या, कारण सांगायच्या नाहीत. एसटीतच नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने नेमका अर्ज कसा करायचा ते सांगितलं. मुलींच्या सह्या, गावांची नावं, ग्रामपंचायतींचे ठराव, प्राचार्यांचं पत्र, सगळं जोडून आगार व्यवस्थापकांना दिलं. बस अर्धा तास पुढे सरकली. एक रुपया लागला नाही. त्या गावांतून आता दरवर्षी बी.एस्सी.ला मुली येतात. तुमच्या बॅचमध्येही असा कोणीतरी एसटीत, महावितरणात, तहसीलमध्ये, बँकेत असेलच. त्याचं देणं म्हणजे त्याला त्याच्या खात्याची असलेली माहिती.

डॅलसहून तुम्ही काय देऊ शकता? मुलांना "मोठी स्वप्नं बघा" असं भाषण नको असतं. त्यांना विचारायचं असतं की पुण्यात पहिली खोली कशी मिळाली, डिपॉझिट किती लागलं, इंग्रजी येत नसताना मुलाखतीत काय झालं, पहिला पगार किती, घरी किती पाठवला. हे मराठीत सांगा, आपल्या बोलीत सांगा. आपल्याकडची पोरं मराठी माध्यमाची. परदेशातला सर वऱ्हाडीत बोलतो म्हटलं की त्यांची जीभ सुटते. थेट व्हिडिओ सभा घेतली तर संध्याकाळपर्यंत पोरांचा डेटा संपलेला असतो, खेड्यात रेंजही धड नसते. त्यापेक्षा पाच-सात मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवा, त्यांचे प्रश्नही तसेच मागवा. तुमच्या वेळेचा फरकही मग आड येत नाही. एकाने दोनच मुलं घ्यावीत, पण पदवी होईपर्यंत सोडू नयेत.

पुण्यातल्या मित्रांसाठी वेगळं काम आहे, आणि माझ्या मते हे सगळ्यात मोलाचं. मुलाखतीला किंवा परीक्षेला येणाऱ्या पोराची पंधरा दिवसांची सोय. एक कॉट, दोन वेळचं जेवण, स्टेशनवरून कसं यायचं ते सांगणारा माणूस. गावातला बाप पोराला पुण्याला पाठवायला पैशापेक्षा अनोळखी शहराला जास्त घाबरतो. "आपल्या कॉलेजचा माणूस तिथे आहे" म्हटलं की तो निघू देतो. पापळसारख्या खेड्यातून निघून एडिंबरा आणि ऑक्सफर्डपर्यंत शिकून आलेल्या पंजाबराव देशमुखांनी परत आल्यावर शिक्षण संस्था काढली, तसं अमरावतीला श्रद्धानंद छात्रालयही उभं केलं. राहायची आणि जेवायची सोय झाली तरच बहुजनांचं पोरगं शिकेल, हे त्यांनी ओळखलं होतं. ती गरज आजही तशीच आहे, गाव बदललं इतकंच.

संमेलन घ्यायचं तर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. तुम्हाला सुट्टी असते, इथे थंडी, हुरड्याचे दिवस. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत कोणी बोलावू नये आणि कोणी येऊ नये. शाल-श्रीफळाचे सत्कार आटोपते घ्या. अर्धा दिवस चालू विद्यार्थ्यांबरोबर मोकळा ठेवा, मंचावरून नाही, वर्गात बाकावर बसून. थकलेल्या सरांना मंडपात आणण्यापेक्षा चार-पाच जणांनी त्यांच्या घरी जावं. बॅचमधला कोणी गेला असेल तर त्याच्या घरीही जाऊन यावं. त्याची मुलं कॉलेजच्या वयाची झालेली असतात.

अभ्यासिका, संगणक, प्रयोगशाळेचं साहित्य यांचा विचार तिसऱ्या वर्षी करा, आणि करताना आधी दोन प्रश्न विचारा: वीजबिल कोण भरणार आणि बिघडल्यावर कोण दुरुस्त करणार. उत्तर लेखी मिळालं तरच वस्तू द्या. तोवर या वर्षी करायचं एवढंच: बॅचमधल्या गावातल्या दोघांना या आठवड्यात फोन करा, ग्रुपवर नाही, वेगळा. त्यांना प्राचार्यांकडे रजिस्टरच्या परवानगीचं पत्र घेऊन जायला सांगा. परीक्षा विभागात विचारायला सांगा की गेल्या हिवाळी परीक्षेला प्रवेश असूनही किती मुलांचा फॉर्म आला नाही. तो आकडा हाती आला की त्याला परीक्षा शुल्काने गुणा. जी रक्कम निघेल ती बघून तुमच्या ग्रुपला आश्चर्य वाटेल इतकी ती छोटी असेल, आणि तीच तुमची पहिल्या वर्षीची वर्गणी.